हाताचा अंदाज

चौतीस वर्षे मी शाळेत गणित शिकवले. खडू आणि डस्टर ह्यांखेरीज माझ्या हाताला कामाचे असे साहित्य ठाऊक नव्हते. आणि त्यातला डस्टरही बहुधा पहिल्या बाकावरची एखादी मुलगीच फिरवी. २०२२ च्या मे महिन्यात निवृत्त झाले. निरोपसमारंभातली शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचे घड्याळ घेऊन घरी आले, तेव्हा 'आता पुढे काय?' हा प्रश्न मला सोडून सगळ्यांना पडला होता. ह्यांनी सकाळच्या फिरण्याचे फायदे सांगितले. लेकीने फोनवरून योगासने सुचवली. शेजारच्या वहिनींनी भजनी मंडळाची वर्गणी किती तेही आपणहून सांगून टाकले. मी सगळ्यांचे ऐकून घेतले आणि पार्ल्यातच, पूर्वेला, एका जुन्या बंगल्याच्या गॅरेजमध्ये भरणाऱ्या कलावर्गात नाव घालून आले.

चित्रकलेशी माझे अगदीच वाकडे नव्हते. शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट ह्या दोन्ही परीक्षा मी दिल्या होत्या. त्या परीक्षांची प्रमाणपत्रे महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत ट्रंकेच्या तळाशी अजून सापडतील. पण ती कागदावरची कला. ह्या वर्गात काढायचे नव्हते, करायचे होते. माती, प्लास्टर, कागदाचा लगदा, कापडावरचे रंग आणि तांबे असा दीड वर्षाचा क्रम. शनिवारी आणि रविवारी सकाळी तीन-तीन तास.

शिकवणारे सर जे. जे. स्कूलमध्ये शिकलेले, वयाने माझ्या लेकीएवढे. मी शिक्षिका होते हे कळल्यापासून ते मला 'बाई' म्हणू लागले आणि मी त्यांना 'सर'. कोण कोणाला शिकवते आहे, असा प्रश्न नवख्याला पडावा! वर्गात आम्ही सातजण होतो: आर्किटेक्चरची दोन मुले, बँकेतले एक गृहस्थ, एक दातांची डॉक्टर, दोन गृहिणी आणि मी.

पहिल्या दिवशी सरांनी प्रत्येकापुढे लाल मातीचा एकेक गोळा ठेवला आणि म्हणाले, "मळा." आम्हा बायकांना वाटले, हे तर आपल्या हातचे! जन्मभर कणीक मळली आहे. सर पाच मिनिटे नुसते बघत उभे राहिले. मग हसून म्हणाले, "बाई, ह्याच्या पोळ्या करायच्या नाहीत."

कणकेची घडी घालून ती पुन्हापुन्हा आत दुमडली तरी चालते. मातीची तशी घडी घातली की घडीत हवा अडकते. म्हणून मातीचा गोळा मनगटाजवळच्या तळव्याने पुढे रेटायचा, जरा वळवायचा, पुन्हा रेटायचा. म्हणजे हवा निघून जाते आणि ओल सगळीकडे सारखी होते. मग बारीक तारेने गोळा मधोमध कापायचा. कापलेल्या अंगावर भोके दिसली की पुन्हा मळणे आले. मातीचे कण, सर सांगत होते, पत्त्यांसारखे चपटे असतात. दोन पत्त्यांमध्ये पाण्याचा पातळ थर असतो, त्यामुळे ते एकमेकांवर घसरतात. आणि दाब काढला की जिथल्या तिथे थांबतात. घसरतात म्हणून मातीला आकार देता येतो, थांबतात म्हणून तो आकार टिकतो. सगळी कुंभारकला ह्या घसरण्या-थांबण्यावर उभी आहे.

पुढच्या चार महिन्यांत मातीने मला एक नवे पंचांग शिकवले. ओली माती वेगळी. दुसऱ्या दिवशीची, चामड्यासारखी ताठ झालेली माती वेगळी. आणि आठवड्यानंतरची खडखडीत वाळलेली वेगळी. कपाला कान चिकटवायचा तर तो दुसऱ्या दिवशीच, आणि कप नि कान दोन्ही सारखेच ओले असतील तरच. एक ओला आणि एक वाळलेला असला की दोघे आपापल्या वेगाने आकसतात आणि जोडावर तडा जातो. (ह्यावर बँकेतले गृहस्थ म्हणाले, "संसाराचंही असंच आहे." ते लग्नाच्या चाळिसाव्या वर्षात होते.) ओल्या मातीचे दहा सेंटीमीटर उंचीचे भांडे वाळून, भाजून हाती येते तेव्हा नऊच्या आसपास भरते. हा हिशेब मला आवडला. निदान इथे तरी टक्केवारी होती!

पण भांडे पुरते वाळले की नाही, हे कसे ओळखायचे? मी विचारले तेव्हा सरांनी फळीवरचे एक भांडे उचलून गालाला लावले. "गार लागलं तर आत अजून पाणी आहे. गालाइतकं कोरडं लागलं की भट्टीत घालायचं." मी वहीत लिहू लागले, तर शीर्षक काय द्यावे तेच कळेना. वाळण्याचे माप: गाल!

भट्टीत मात्र आकडे भेटले. शंभर अंश सेल्सियसला उरल्यासुरल्या पाण्याची वाफ होते. भांडे ओले राहिले असेल तर ती वाट न मिळून ते फोडून टाकते. ५७३ अंशांना मातीतल्या गारगोटीच्या कणांची रचना बदलते आणि ते एकाएकी फुगतात, म्हणून त्या सुमारास भट्टीला घाई करू द्यायची नाही. सहाशे अंश ओलांडले की मातीचा परतीचा रस्ता बंद. मग ती पाण्यात टाकली तरी तिचा पुन्हा चिखल होत नाही. आमची लाल माती नऊशे ते हजार अंशांच्या दरम्यान भाजत असू.

एका रविवारी सर आम्हांला धारावीच्या कुंभारवाड्यात घेऊन गेले. सौराष्ट्रातून आलेल्या कुंभारांची ही वस्ती. दिवाळीच्या आधी निम्म्या मुंबईच्या पणत्या इथूनच निघत असतील असे वाटावे, इतक्या त्या दारोदार रचलेल्या होत्या. भट्ट्या चौकातच. तिथे ना काटा, ना आकडा. एका वृद्ध कारागिराने झरोक्यातून आत डोकावून पाहिले आणि पोराला म्हटले, अजून थोडे. परत येताना मी सरांना म्हटले, "तुमच्या विजेच्या भट्टीला निदान आकडा तरी आहे." तेव्हा त्यांनी खिशातून बोटाएवढे एक मातीचे सुळके काढून दाखवले. १८८६ मध्ये सेगर नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने असे सुळके तयार केले. ठरावीक मिश्रणाचा सुळका भांड्यांच्या शेजारी भट्टीत उभा करतात. पुरेशी आच पुरेसा वेळ मिळाली की तो मान टाकतो. नुसते अंश कळून भागत नाही, किती वेळ किती आच लागली ते कळायला हवे; आणि मातीला किती लागली हे मातीलाच विचारावे लागते. मोठमोठ्या कारखान्यांतूनही हीच रीत होती. मी सुळका हातात घेऊन पाहिला. माझ्या गणिताला तो जरासा वाकुल्या दाखवतो आहे असे वाटले.

आता आईबद्दल सांगायला हवे.

आई गेली काही वर्षे माझ्याकडे असते. तेव्हा ती शहाऐंशीची होती. काचबिंदूने तिची दृष्टी हळूहळू नेली; उजेड आणि अंधार एवढाच भेद उरला. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितले होते, की ह्या आजारात गेलेली नजर परत येत नाही. तिचे माहेर पेणजवळच्या एका खेड्यातले. अंगणात सारवलेली जमीन, स्वतः घातलेली चूल, पाट्यावरचे वाटण ह्यांत तिचे निम्मे आयुष्य गेलेले. मुंबईतल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावर तिला सगळे सुख होते, फक्त काम नव्हते. आधी ती लसूण सोलायला मागे, शेंगा निवडायला मागे. मग मागेनाशी झाली. गॅलरीतल्या खुर्चीवर हात मांडीवर ठेवून बसून राही. 'आता माझ्याकडून काय होणार' हे वाक्य ती तक्रार म्हणून बोलत नसे, आज गुरुवार आहे अशासारखे बोले. तेच अधिक लागे.

एका शनिवारी मी वर्गातून आले तेव्हा तिने खुर्चीतून मान वळवली. "पाऊस पडला का गं?" फेब्रुवारीत कसला पाऊस! वास माझ्या हातांचा होता. मी पिशवीतला मातीचा गोळा तिच्या ओंजळीत ठेवला. तिने तो दाबला, अंगठ्याने पसरवला, चिमूट घेऊन दोन बोटांत चोळली.

"फार गुळगुळीत आहे," ती म्हणाली. "हिची चूल तडकेल. तूस घालायला हवं."

तूस म्हणजे भाताचा कोंडा. पुढच्या शनिवारी हे सरांना सांगितले तर ते खुर्चीतून उठलेच. जाड भिंतीच्या भांड्यासाठी मातीत भाजलेल्या विटेची भरड मिसळतात, हे ते त्याच दिवशी शिकवणार होते. भरड आकसत नाही, त्यामुळे माती एकदम आकसून तडकत नाही. आणि तूस तर त्याहून नामी: ते जळून जाते, त्याच्या जागी बारीक पोकळ्या राहतात आणि वाफेला वाट मिळते. "आजींना विचारा," सर म्हणाले, "एका घमेल्याला किती तूस?"

मी विचारले. आई म्हणाली, "अंदाजाने."

ह्या शब्दाशी माझे जुने भांडण आहे. गणिताच्या पेपरात 'अंदाजे' लिहिले की अर्धा गुण जातो. आमच्या घरात मात्र मीठ अंदाजाने, लोणच्याचे तेल अंदाजाने, पाव्हण्यांचा भात अंदाजाने. "अगं, पण अंदाजाने म्हणजे किती? वाटी? दोन वाट्या?" आई विचारात पडली. तिच्या चेहऱ्यावर न कळल्याची नव्हे, तर सांगता येत नसल्याची अडचण दिसत होती. शेवटी म्हणाली, "माती हातात घेतल्याशिवाय कसं सांगू?"

मातीनंतर प्लास्टर आले. गिप्सम नावाचा खडक सुमारे दीडशे अंशांपर्यंत तापवला की त्यातले तीन चतुर्थांश पाणी निघून जाते. उरते ती पांढरी पूड म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिस. ह्या पुडीला गेलेल्या पाण्याची ओढ असते. पाणी मिळाले की ती पुन्हा दगड होते. पूड पाण्यात भुरभुरायची. पुडीवर पाणी ओतायचे नाही. पाण्यावर पुडीचे बेट दिसू लागले की थांबायचे, ते बेट आपोआप भिजू द्यायचे आणि मग हलवायचे. ह्या कामात आमची दातांची डॉक्टर पहिली आली, कारण दातांचे साचे ओतण्यात तिचा हात बसलेला! आम्ही बाकीचे अजून बेटाची वाट पाहत असताना तिचा साचा घट्टही होऊन गेला होता.

सरांनी त्या दिवशी गणपतराव म्हात्र्यांची गोष्ट सांगितली. १८५७ मध्ये सुरू झालेल्या जे. जे. स्कूलमध्ये शिकत असतानाच म्हात्र्यांनी १८९६ च्या सुमारास 'मंदिरपथगामिनी' घडवली. पूजेचे साहित्य घेऊन देवळाकडे निघालेली नऊवारीतली तरुणी, माणसाएवढ्या उंचीची, प्लास्टरमध्ये केलेली. संगमरवर नाही, ब्राँझ नाही; बाजारात पोत्याने मिळणारी पूड. मोल दगडाचे नसते, हाताचे असते, एवढे सांगून सर गप्प झाले.

माझ्या साच्याचा एक तुकडा मी घट्ट होत असतानाच कापडात गुंडाळून घरी आणला. वर्ग आणि घर ह्यांत चार मिनिटांचे अंतर. प्लास्टर पाणी पिऊन दगड होताना उष्णता बाहेर टाकते. आईने तुकडा हातात घेतला आणि दचकली. "अगं, ह्याला ताप आलाय!" थोड्या वेळाने म्हणाली, "उतरला हो." रसायनशास्त्राचा हा पाठ एवढ्या थोडक्यात मी कुठे ऐकला नव्हता.

त्या दिवसापासून शनिवारी दुपारी आई गॅलरीऐवजी दाराजवळच्या स्टुलावर बसू लागली. मी जे आणीन ते आधी तिच्या हातात जाई. हिरड्याच्या पाण्यात भिजवलेले कापड आणले. त्यावर लोखंडाचा गंज आणि गूळ आंबवून केलेले पाणी लावले की काळा रंग उठतो. आईला त्यात नवल वाटले नाही. "आवळकाठी लोखंडी कढईत भिजवली की काळी होतेच. केसांना काय लावत होतो आम्ही?" हिरडा काय, आवळा काय, दोन्हींतल्या तुरट अंशाचा लोखंडाशी तोच व्यवहार. तांब्याचे ताट आणले. तांबे ठोकत गेले की ताठर होत जाते, मग ते लालसर होईपर्यंत तापवून पुन्हा मऊ करायचे आणि पुन्हा ठोकायचे. पुण्याच्या तांबट आळीत भांड्यांवर एकाशेजारी एक ठोके घालून जे मठाराचे काम करतात, ते शोभेसाठी तर आहेच, पण त्याने पत्रा बळकटही होतो. आई माझ्या ताटावरून बोटे फिरवत गेली. मधेच थांबून म्हणाली, "इथे कोणीतरी हाक मारली होती तुला." त्या जागी दोन ठोके जरा लांब पडलेले होते.

खरी गंमत कागदाच्या लगद्याच्या वेळी झाली. सरांनी सांगितले, कागद कापायचा नाही, फाडायचा. म्हणजे कडेला धागे मोकळे राहतात आणि एकमेकांत गुंततात. रात्रभर भिजवायचा, कुटायचा, खळ घालायची. घरी आल्यावर मी हे आईला सांगत होते, तर ती मधेच म्हणाली, "आणि मेथ्या?"

भिजवून वाटलेल्या मेथ्या! जुन्या घरांत रद्दीच्या लगद्याच्या टोपल्या करीत, त्यात मेथ्या घालीत हे पुष्कळांना आठवत असेल. उपड्या घमेल्यावर लगदा थापायचा, वाळला की काढून घ्यायचा, वरून गेरू लावायचा. मेथ्यांना भिजल्यावर जो बुळबुळीत चिकटपणा येतो त्याने लगदा धरून राहतो, आणि मेथ्यांच्या कडूपणामुळे कसर लागत नाही. एका दमात डिंक आणि औषध.

"किती मेथ्या?" मी विचारले आणि उत्तर ऐकायच्या आधीच उठून स्वयंपाकघरातला वजनकाटा घेऊन आले.

आईपुढे मेथ्यांचा डबा ठेवला. "एक घमेलं लगद्याला घेशील तेवढ्या घे." तिने मूठ भरली. मी ती काट्यावर रिकामी केली: ३१ ग्रॅम. डबा पुन्हा पुढे केला. ३०. पुन्हा. ३१. चौथ्यांदा ३२, पाचव्यांदा ३१. आई वैतागून म्हणाली, "किती टोपल्या करणार आहेस?" मी उत्तर दिले नाही. पाच मुठींत सर्वांत जड आणि सर्वांत हलकी ह्यांत दोन ग्रॅमांचा फरक. डोळ्यांनी दिसत नसताना! मी स्वतः पाच मुठी भरून पाहिल्या. त्यांचे आकडे माझ्या वहीत आहेत आणि ते वहीतच राहतील.

तेव्हा माझ्या ध्यानात आले, की अंदाज म्हणजे मोजायचा कंटाळा नव्हे. हजारदा मोजून झाल्यावर माप जेव्हा हातात उतरते आणि डोक्याला त्याची आठवणही राहत नाही, तेव्हा त्याला अंदाज म्हणतात. कुंभारवाड्यातल्या म्हाताऱ्याच्या डोळ्यांत भट्टीचा काटा होता, सरांच्या गालात होता, आईच्या मुठीत होता. फक्त फरक एवढा, की सरांच्या गालाची फी आम्ही आनंदाने भरत होतो.

मग मी वहीत तिचे एकेक माप उतरवू लागले. लगदा किती घट्ट? "कानाच्या पाळीएवढा मऊ." कधी थापायचा? "हाताला लागतो पण हातावर राहत नाही तेव्हा." ह्यातले काहीच मला लिहून कळेना. शेवटी आईने माझे हात लगद्यावर ठेवले आणि वरून स्वतःचे. तिने दाबले तेव्हा मी दाबले, तिने सोडले तेव्हा सोडले. चाकावर पहिले भांडे उचलताना सरांनीही असेच माझ्या हातांवर हात ठेवले होते. जी गोष्ट शब्दांत मावत नाही ती द्यायला दुसरी वाट नसावी.

२०२४ च्या जुलैत आई न्हाणीघरात घसरली. उजवे मनगट मोडले. हाड जागेवर बसवून हाताला प्लास्टर घातले, सहा आठवड्यांचे. तेच प्लास्टर. कापडी पट्टीत पूड भरून ती ओली करून गुंडाळायची, ही युक्ती मॅथायसन नावाच्या एका डच लष्करी डॉक्टरने १८५२ मध्ये लोकांपुढे मांडली. दवाखान्यात पट्टी घट्ट होऊ लागली तेव्हा वेदनेतही आई मला म्हणाली, "ताप आला बघ ह्याला." मी हसले खरी, पण पोटात गोळा उठला होता. डोळे गेल्यावर तिच्याजवळ हातच उरले होते, आणि त्यातला कामाचा हात आता दगडात होता. सहा आठवडे ती पुन्हा गॅलरीत बसली. शनिवारी मी काही आणले तर डाव्या हाताने चाचपून "छान आहे" म्हणे. आईने 'छान आहे' म्हटले की समजावे, तिने पाहिलेच नाही.

प्लास्टर निघाले तेव्हा हात बारीक झाला होता आणि मूठ मिटत नव्हती. ह्या वयात पूर्वीसारखे होणे कठीण, असे डॉक्टरांनी सौम्य शब्दांत सांगितले. व्यायाम शिकवणाऱ्या मुलीने दाबायला रबराचा चेंडू दिला. आईने तो दोन दिवस दाबला आणि बाजूला ठेवला. "ह्यातून काही होत नाही," ती म्हणाली. चेंडू दाबला की फुगून पूर्ववत होतो. केलेले काही दिसत नाही, लागत नाही. मी त्या मुलीला विचारले, मऊ माती चालेल का? ती म्हणाली, उत्तम.

म्हणून रोज सकाळी दहा मिनिटे माती. आधी सैल, मग थोडी घट्ट, मग आणखी घट्ट. आणि दर रविवारी मी तिच्यापुढे मेथ्यांचा डबा ठेवी. निमित्त टोपलीचे. पहिल्या रविवारी मूठ भरली ९ ग्रॅम. आईला आकडा सांगितला नाही. दुसऱ्या रविवारी ११. तिसऱ्या रविवारीही ११, आणि त्या रात्री मला झोप आली नाही. मग १४, १८, १९. मी आलेखाच्या कागदावर टिंबे काढीत होते. शाळेत मुलांना आलेख शिकवताना रेघ वर जाते का खाली, ह्याने माझ्या पोटात कधी काही हलले नव्हते. दिवाळीच्या सुमारास २४, संक्रांतीला २७. त्यापुढे रेघ आडवी झाली. २७, २६, २७, २७. पूर्वीच्या मुठीला चार ग्रॅम कमी. अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी एवढे मिळाले हेच पुष्कळ, असे मी स्वतःला सांगितले आणि आलेख मिटून ठेवला.

मार्चमध्ये तिने खरोखरच टोपली करायला घेतली. रद्दी मी फाडून, भिजवून दिली. कुटणे ह्यांच्याकडे होते, आणि ते त्यांनी वर्तमानपत्राचा सूड उगवावा तशा उत्साहाने केले. लगद्याचे घमेले तयार झाले. आईने डब्यात हात घातला, मूठ भरली, भांड्यात सोडली. मग पुन्हा हात घालून तीन बोटांची एक मोठी चिमूट घेतली आणि तीही सोडली.

"हे काय?" मी विचारले. "तू तर एकच मूठ घेत होतीस."

"मूठ लहान झालीय ना आता," आई म्हणाली.

मेथ्या भिजत घालण्यापूर्वी मी त्या गुपचूप काट्यावर ठेवल्या. ३१ भरल्या.

ती टोपली आता आमच्या दाराशी आहे. ह्या दिवाळीच्या पणत्या तीत ठेवल्या आहेत, सरांच्या भट्टीत भाजलेल्या. निम्म्या माझ्या, निम्म्या आईच्या. वेगळ्या ओळखण्यासाठी खूण करावी लागली नाही. ज्या सगळ्या एकसारख्या आहेत त्या आईच्या.